फळीखालच्या पन्नास बाटल्या

माझे सासरे ज्या पन्नास बाटल्यांवर झोपले होते, त्यांतली कुठलीही केव्हाही फुटू शकते, हे मला शनिवारी सकाळी साडेअकराला कळलं. तोपर्यंत घाबरण्यासारखं आसपास काहीच नव्हतं. वाऱ्याचं नाव नाही. शिडं वाळत घातलेल्या चादरींसारखी लोंबत होती. इंजिन धडधडत होतं. मागे ब्वेनोस आयरेसच्या इमारती धुरकटात विरत चालल्या होत्या, पुढे पलीकडच्या काठावरचं कोलोनिया अजून दिसायचं होतं, आणि मधे चहाच्या रंगाची नदी जानेवारीच्या, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यातल्या उन्हात पसरली होती. खाली केबिनमध्ये डाव्या बाकावर सासरे तोंड उघडं टाकून घोरत होते.

सुकाणूवर माझा मेव्हणा होता. त्याचं नाव नोर्बेर्तो, पण इरुर्तिया आडनावाच्या माणसाला आमच्याकडे वास्को, म्हणजे बास्क, म्हणतात. त्याला विचारत नाहीत. ही सत्तावीस फुटी होडी, 'तेर्का', आम्हा दोघांची. पुढचा भाग कुणाचा आणि मागचा कुणाचा, हा वाद सोळा वर्षं चालू आहे. वास्कोने माते, म्हणजे आमचा नळीने ओढायचा कडवट चहा, चोखून संपवला आणि खुशीत म्हणाला, "मास्तर, यंदा आपण जिंकणार."

"गेल्या वर्षीही हेच म्हणाला होतास."

"गेल्या वर्षी मी काही केलं नव्हतं."

"आणि यंदा?"

त्याने एकदा खाली वडिलांकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "भरायच्या आधी पिंपात साखर टाकली. दीडशे ग्रॅम. तू बाटल्या धूत होतास तेव्हा. तुला सांगितलं असतं तर तू अर्धीच टाकू दिली असतीस, चिकट माणूस."

मी मातेसाठी पुढे केलेला हात तसाच राहिला. कारण साखर मीही टाकली होती. पिंपात नाही, बाटल्यांत. प्रत्येकीत एकेक सपाट चमचा, वास्को बुचं आणायला गॅरेजमध्ये गेला होता तेव्हा. मी इतिहास शिकवतो. इतिहासातले बरेचसे स्फोट असेच झालेत: दोन जबाबदार माणसांनी एकमेकांना न विचारता काळजी घेतली.

घरची बीअर करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. आंबून झालेल्या बीअरमध्ये वायू नसतो. बाटलीत भरताना चिमूटभर साखर घालून बूच लावायचं. यीस्ट ती साखर खातं, वायू सोडतं, आणि दोन आठवड्यांनी ग्लासावर फेस येतो. साखर नाही घातली तर बीअर मेलेली. दुप्पट घातली तर वायू दुप्पट, आणि बाटली होती तेवढीच. आमच्या बाटल्या तर एकदा वापरून टाकायच्या पातळ काचेच्या होत्या. आमच्या होडी क्लबच्या कचऱ्यातून गोळा केलेल्या, कारण जाड बाटल्यांची किंमत वास्कोला पटली नव्हती.

साखरेचं एवढं वेड का लागलं, तर गेल्या वर्षीमुळे. आमच्या क्लबात दर जानेवारीला नदी ओलांडायची स्पर्धा असते, पण होड्यांची नाही. जो तो आपल्या घरी केलेली बीअर आपल्याच होडीच्या पोटात घालून कोलोनियाला नेतो. बर्फ चालत नाही. निघण्यापूर्वी क्लबचा अध्यक्ष स्कालीसे प्रत्येक होडीत उतरून बाटल्यांच्या पेटीवर शिक्क्याची कागदी पट्टी चिकटवतो. पट्टी तुटली की बाद. पलीकडे धक्क्याला सगळ्या होड्या एकमेकींना लागल्या की बुचं उघडतात. जी बीअर नदीचे हेलकावे आणि ऊन सोसूनही चांगली लागेल ती पहिली. गेल्या वर्षी आमच्या बीअरला फेसाचा एक बुडबुडाही आला नाही. स्कालीसेने घोट घेतला, विचार केला, आणि पन्नास माणसांसमोर विचारलं, "वास्को, यात थोडा सोडा घालू का?" हे त्याने सोडेवाल्या इरुर्तियाच्या पोराला विचारलं. माझ्या सासऱ्यांनी मुनरोमध्ये चाळीस वर्षं नळीवाल्या सोड्याच्या बाटल्या भरल्या होत्या. वास्को दोन महिने क्लबात गेला नाही. मी गेलो, पण मागच्या दाराने.

आता मी त्याला माझ्या चमच्यांबद्दल सांगितलं. तो ओरडेल असं वाटलं होतं. तो ओरडला नाही, हे वाईट.

"प्रत्येकीत?" त्याने विचारलं.

"प्रत्येकीत."

"सपाट चमचा की भरून?"

"सपाट. शेवटी शेवटी घाई झाली. काही भरून असतील."

मग वास्को म्हणाला, "पिंपातली गुडगुड तशी पूर्ण थांबली नव्हती."

"थांबली असं तू म्हणालास."

"मंदावली असं म्हणालो. तारीख जवळ आली होती, मास्तर!"

म्हणजे यीस्टच्या वाट्याला तीन जेवणं आली होती. आणि बाटल्या होत्या डाव्या बाकाखालच्या पेटीत. तिथे अंधार असतो. पेटीच्या मागे एक पातळ फळी, आणि फळीच्या मागे इंजिन. सकाळी सातपासून चाललेलं इंजिन. मी खाली वाकून पेटीच्या बाजूला हात लावला. ताज्या पावाला लावावा तसं वाटलं.

बाकावर सासरे होते. फेर्मीन इरुर्तिया, वय एक्याऐंशी. नोव्हेंबरात त्यांचा उजवा खुबा बदलला होता. 'मरण्यापूर्वी एकदा नदी ओलांडायची' असं ते गेली वीस वर्षं म्हणत होते. यंदा त्यांच्या मुलीने, म्हणजे माझ्या बायकोने, मीर्ताने, होकार दिला. डॉक्टरांनी अटी घातल्या: वाकायचं नाही, पाय आत वळवायचा नाही, पडायचं तर मुळीच नाही. नवा सांधा निखळला तर या वयात पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर घेता येणार नाही. मीर्ता स्वतः सकाळच्या फेरीबोटीने कोलोनियाला पुढे गेली होती. निघताना तिने माझ्या शर्टाची कॉलर नीट केली. ती असं करते तेव्हा मी ऐकतो. "बाबांना त्या बाकावरून उठू द्यायचं नाही," ती म्हणाली. "मी धक्क्यावर उभी असेन. ते जसे चाललेत तसेच मला परत हवेत."

"पट्टी तोडून बाटल्या पाण्यात टाकू," मी म्हणालो.

"पट्टी तोडली की बाद."

"वास्को, तुझे वडील त्यावर झोपलेत."

"ते दिसतंय मला. पण कदाचित काही होणारही नाही. काच आपण समजतो त्यापेक्षा जास्त..."

तेवढ्यात खालून आवाज आला. मोठा नव्हता. जाड पुस्तक गालिच्यावर पडावं तसा, दबका. पाठोपाठ काचांची किणकिण आणि पाणी सांडल्याचा आवाज. सासऱ्यांचं घोरणं थांबलं.

होडीच्या तळातला पंप आपोआप सुरू झाला आणि बाजूच्या भोकातून नदीत पांढरा फेस उडाला. फेस छान होता. दाट, रेंगाळणारा. वास्कोने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही.

"कोण ठोकतंय रे?" खालून सासऱ्यांनी विचारलं.

"लाकूड, बाबा!" वास्को ओरडला. "नदीत ओंडका होता. घासून गेला."

"कुठल्या बाजूने?"

"डावीकडून."

"मग मला खालून कसा लागला?"

सासऱ्यांनी नाकाने दोनदा वास घेतलेला ऐकू आला. तेवढ्यात दुसरा आवाज झाला, आणि लगेच तिसरा, पहिल्यापेक्षा धारदार. मी केबिनच्या पायऱ्यांवरून खाली पोचलो तेव्हा बाकाच्या पुढच्या पट्टीच्या फटीतून काचेचा एक त्रिकोणी तुकडा बाहेर आला होता. नखाएवढा. सासरे त्याच्याकडे, दारात उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसाकडे पाहावं तसे पाहत होते. त्यांचा डावा पाय त्याच्यापासून वीतभर दूर होता.

"मास्तर," ते हळू म्हणाले, "साखर किती?"

पन्नाशीचा मी, तीस वर्षं शाळेतल्या पोरांकडून कबुलीजबाब घेत आलो. आता माझाच दिला: पिंप, चमचे, गुडगुड, पातळ काच. त्यांनी डोळे मिटले. मग उजवा हात छातीवर ठेवला. त्या हाताला दोनच बोटं आहेत, आणि अंगठा. लग्नाच्या जेवणात मी पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा मीर्ताने टेबलाखालून माझा पाय दाबला होता. बाकीची बोटं सोड्याच्या बाटलीने नेली, एवढंच मला माहीत होतं.

"ती काच तर एवढी जाड होती," त्यांनी उरलेल्या बोटांनी माप दाखवलं. "वर लोखंडी जाळी. तरी नेली. आणि तुम्ही कचऱ्यातल्या बाटल्यांत भरलंत."

"बाबा, आम्ही तुम्हाला उचलून पुढच्या केबिनमध्ये..."

"हात लावू नकोस!" ते असे ओरडले की मी मागे सरकलो. "ही बाकाची फळी नुसती वर ठेवलेली आहे, मी उठलो की मोकळी. एक फुटली की शेजारच्या चार फुटतात. फळी उडेल आणि तुझ्या थोबाडावर काच. माझ्या वजनाने दबलीये म्हणून दबलीये. नोर्बेर्तो! इंजिन बंद कर!"

वरून वास्कोचा आवाज आला, पण तो वडिलांना उत्तर नव्हतं. "मास्तर, वर ये."

मी वर गेलो. त्याने हनुवटीने नैऋत्येकडे दाखवलं. क्षितिजावर एक लांबलचक काळा ढग आडवा पडला होता, गुंडाळून ठेवलेल्या सतरंजीसारखा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. या नदीवर वाढलेल्या माणसाला तो ओळखायला शिकवावं लागत नाही. पाम्पेरो, नैऋत्येकडून अचानक येणारं वादळ. रेडिओवर इशारा आधीच सुरू झाला होता. बाकीच्या होड्यांची शिडं पुढे ठिपक्यांसारखी दिसत होती. त्या सगळ्या इंजिनं ताणून कोलोनियाकडे पळत होत्या.

"इंजिनवर राहिलो तर पावणेदोन तासात बंदरात," वास्को म्हणाला. "ढग दीड तासात इथे."

"आणि तोवर इंजिन पेटीला भाजत राहणार."

"बंद केलं तर मधेच सापडणार. मग लाटा त्यांना हलवणार."

दोन वाटा, आणि दोन्हींच्या शेवटी सासरेच. मी म्हणालो, "रेडिओवर तटरक्षकांना सांगू."

वास्कोने माईक उचलला, तोंडाजवळ नेला आणि थांबला. "ते वाहिनी सोळावर. ती सगळ्या होड्यांवर ऐकू जाते, स्कालीसेही ऐकतो."

"ऐकू दे."

"काय सांगू? की इरुर्तियांची बीअर..."

तो माणूस वाईट नाही, हे इथे सांगायला हवं. त्याचा अंगठा माईकच्या बटणावर होता. पण गेल्या वर्षीचं ते एक वाक्य अजून त्याच्या घशात होतं. खालून सासऱ्यांनी प्रश्न सोडवला. "अरे, तटरक्षक येऊन काय करतील? माझ्यावर बसतील? इंजिन बंद कर म्हटलं ना, गाढवा!"

वास्कोने इंजिन बंद केलं.

शांतता झाली. एवढी, की फळीखाली काहीतरी बारीक कुरकुरताना ऐकू आलं. बाटल्या असतील किंवा लाकूड असेल. मला दोन्हींतला फरक कळेना.

सासऱ्यांनी मग चाळीस वर्षांच्या सवयीने कामं वाटली. बाकाच्या फळीचे दोन तुकडे होते, एक पायांकडचा, एक डोक्याकडचा. डोक्याकडचा इंजिनला लागून, म्हणजे जास्त तापलेला. त्यावर ते स्वतः सरकून बसणार. आम्ही दोघांनी त्यांना काखेत धरून, पाय सरळ ठेवून, इंचाइंचाने मागे सरकवलं. प्रत्येक इंचाला मी खाली काय चाललंय ते ऐकत होतो. ते टेकून बसले, कपाळावरचा घाम पुसला, आणि म्हणाले, "आता गादी भिजवा."

वास्कोने बादलीने नदीचं पाणी ओतलं. दहा, बारा, पंधरा बादल्या. पाणी फार गार नव्हतं, पण पेटीपेक्षा गार होतं. ते गादीतून झिरपून खाली गेलं आणि पंप पुन्हा फेस ओकू लागला. मीर्ताचा जुना पोंचो, डोक्यातून घालायची जाड लोकरी शाल, पाण्यात बुडवून माझ्या हातात दिला गेला.

"आता तू," सासरे म्हणाले. "पायाकडची फळी चार बोटं उचल. जास्त नाही. पोंचो आत घाल, त्याच्या आडून हात घाल, एकेकीचं बूच तिथेच उघड. बाहेर काढू नकोस. तोंड तिकडे."

"मी का?"

"चमचे कुणी घातले?"

"पिंपात वास्कोने..."

"त्याला पाम्पेरोत होडी चालवता येते. तुला येते?"

मी हातमोजे घातले. शिडाच्या दोऱ्या ओढायला आम्ही जे हातमोजे वापरतो, त्यांची अंगठ्याची आणि तर्जनीची टोकं मुद्दाम कापलेली असतात, गाठी नीट सोडवता याव्यात म्हणून. म्हणजे जी बोटं पेटीत सगळ्यांत पुढे जाणार होती नेमकी तीच उघडी. मी गुडघ्यांवर बसलो. स्कालीसेची कागदी पट्टी भिजून लगदा झाली होती, पण शिक्का वाचता येत होता. मी फळी उचलली तशी पट्टी दोन तुकड्यांत फाटली. वास्को पायऱ्यांवरून बघत होता. त्याने तोंड फिरवलं.

आत गरम, ओली हवा होती आणि माल्टचा वास. मला तो वास फार आवडतो. आवडायचा. मी पोंचोच्या आडून हात घातला आणि अंधारात चाचपडू लागलो. काचांचा चुरा लागला. मग एक मान लागली. गरम, गुळगुळीत. मी ओपनर लावला.

"फुटायच्या आधी काही कळतं का, बाबा?" मी तोंड तिकडे करून विचारलं. "आवाज वगैरे?"

"नाही."

"काहीच नाही?"

"सांगून फुटणारी बाटली मी बघितली नाही. उघड."

मी उघडलं. शिट्टीसारखा आवाज, आणि फेसाचा फवारा पोंचोतून माझ्या कोपरापर्यंत. मी ओरडलो असेन. सासरे म्हणाले, "एक."

दुसरी. तिसरी. प्रत्येक वेळी मान शोधायची, ओपनर टेकवायचा, आणि त्या एका क्षणाला सगळं शरीर हातापासून दूर पळायचं, हात मात्र तिथेच. सहाव्या बाटलीला एक शेजारीण आपणहून फुटली. पोंचोला धक्का बसला, जणू आतून कुणी लाथ मारली. मी हात बाहेर काढून बोटं मोजली. पाच. अंगठ्याजवळ एक चीर, रक्त येत होतं पण फार नाही.

"आहेत?" सासऱ्यांनी विचारलं.

"आहेत."

"मग आत घाल."

"बाबा, मला नाही जमणार."

त्यांनी आपला उजवा हात वर धरला. "माझी गेली तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. मालकाने दुसऱ्या दिवशी विचारलं, येणार का? मी गेलो. शूर होतो म्हणून नाही. मीर्ताची आई गरोदर होती." त्यांनी ओला हात पँटला पुसला. "तूही शूर नाहीयेस. उघड."

अशा माणसाशी वाद घालता येत नाही. मी पुन्हा हात घातला. पायाकडचा सगळा कप्पा मोकळा झाला तेव्हा केबिन अंधारली होती. मला वाटलं डोळ्यांपुढे येतंय. मग वर वास्को ओरडला, "धरा!"

पाम्पेरो आधी येत नाही, आधी गारवा येतो. त्या गारव्याचा मला आनंद झाला, बाटल्या निवतील म्हणून. तो आनंद फार तर पाच सेकंद टिकला. मग होडी एकदम डावीकडे कलंडली. भांडी, माते, औषधांचा डबा सगळं आमच्यावर आलं. वास्कोने मोठं शीड आधीच उतरवलं होतं, पुढचं रुमालाएवढं ठेवलं होतं. तरी 'तेर्का' लाटेवर चढली, आपटली, पुन्हा चढली. डोक्याकडच्या फळीखाली वीस-बावीस बाटल्या होत्या, न उघडलेल्या, सगळ्यांत तापलेल्या. त्या आता एकमेकींवर खडखडत होत्या. आणि फळीवर सासरे उसळत होते, नव्या खुब्यासकट.

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. एका हाताने त्यांच्या कमरेचा पट्टा धरला, दुसऱ्याने वरचा दांडा. पाय समोरच्या टेबलाच्या खांबाला लावले. गुडघ्याने त्यांचा पाय बाहेरच्या बाजूला दाबून ठेवला, आत वळू नये म्हणून. आता फळीवर आम्हा दोघांचं वजन होतं.

पहिला धमाका बरोबर माझ्याखाली झाला. फळी उचलली गेली आणि परत बसली. मांडीच्या मागे काहीतरी ओलं पसरलं. ते बीअर आहे की रक्त हे बघायला हात मोकळा नव्हता. तसं बघायचंही नव्हतं.

"लागलं?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही माहीत. तुम्हाला?"

"नाही माहीत."

आम्ही असं किती वेळ बसलो सांगता येत नाही. वास्कोने नंतर दीड तास सांगितलं, पण तो बाहेर होता, त्याला करायला काम होतं. आमचं काम न उठणं एवढंच होतं. आणखी दोनदा खालून ठोका आला. प्रत्येक वेळी सासऱ्यांची ती दोन बोटं आणि अंगठा माझ्या मनगटात रुतत. एका मोठ्या लाटेनंतर ते माझ्या कानाजवळ येऊन म्हणाले, "मास्तर, मला भीती वाटतेय. मीर्ताला सांगू नकोस."

"मलाही वाटतेय."

"तुझी दिसतेच आहे."

कोलोनियाच्या बंदरात शिरलो तेव्हा वारा ओसरला होता आणि पाऊस सरळ पडत होता. बाकीच्या होड्या केव्हाच धक्क्याला लागल्या होत्या. छपराखाली स्पर्धा सुरू होती. लोक हसत होते, बुचं उघडत होती, आणि त्या प्रत्येक आवाजाला आम्ही दोघं बसल्या जागी दचकत होतो. धक्क्यावर पिवळ्या रेनकोटमध्ये मीर्ता उभी होती. दोरी बांधून होण्याआधीच ती केबिनच्या दारात आली. तिने आम्हाला पाहिलं: चिंब गादी, रक्ताचे डाग पडलेला पोंचो, आणि बाकाच्या एका टोकाला चिकटून बसलेले नवरा आणि वडील.

"बाबा, उठा. चला."

"तू आधी होडीवरून उतर," सासरे म्हणाले.

"का?"

त्यांनी तिला का ते सांगितलं. मुद्द्याचंच सांगितलं. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला, पण ती उतरली नाही. तिने चार माणसं बोलावली. डोलकाठीवर चढायची पट्ट्यांची खुर्ची आणवली. वास्कोने ती वडिलांच्या खालून सरकवली. दोरी ताणली गेली आणि एक्याऐंशी वर्षांचे सासरे, पाय सरळ, केबिनच्या दारातून पावसात वर गेले. फळीवरचं निम्मं वजन गेलं. मी दोन्ही बाजूंना हात टेकून स्वतःला खाली दाबलं. खाली एक बाटली दुसरीला हलकेच लागली.

धक्क्यावर त्यांना खुर्चीत बसवल्याचं ऐकू आलं. मीर्ताने पाय तपासला, चालवून बघितलं, पुन्हा बसवलं. कुणीतरी त्यांना वाइन दिली. स्कालीसेचा आवाजही आला. त्याने काहीतरी विचारलं, आणि सासरे म्हणाले, "तुझी पट्टी फाडली आम्ही. जा." बस, एवढंच.

मग मीर्ता परत दारात आली. तिच्यामागे वास्को होता, अंगावरून पाणी गळत असलेला.

"बाबा ठीक आहेत," ती म्हणाली. मी श्वास सोडला तशी फळी कुरकुरली आणि मी तो परत आत ओढला. "आता सांगा. साखर कुणी घातली?"

मी वास्कोकडे पाहिलं नाही. "मी."

वास्कोने तिच्या मागून मान पुढे काढली. "मीपण."

मीर्ताने आधी मला, मग भावाला पाहिलं. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. "तटरक्षकवाले म्हणतात, निवेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. दोन-तीन तास. तोवर फळी दाबलेली हवी."

"मी बसतोय," मी म्हणालो.

"एकाच्या वजनाने भागणार नाही," ती वास्कोकडे बघत म्हणाली, आणि दारातून बाजूला झाली.

वास्को खाली उतरला. मग, दवाखान्यात इंजेक्शनला बसावं तसा, अंग चोरून माझ्या शेजारी टेकला. त्याचं वजन पडलं आणि खालून एक बारीक आवाज आला. आम्ही दोघांनी एकाच वेळी वरचा दांडा धरला.

"ती बाटली होती की लाकूड?" त्याने विचारलं.

"गप्प बस," मी म्हणालो. "आणि जोरात बस."